मुतखड्याला झटके द्यायचे की नाही हे आकड्यांनी ठरवायचं का?

गोदाकाठची: मामांच्या (सिडको) किडनीत १३ मिमीचा खडा निघालाय, खालच्या कप्प्यात. आम्हाला वाटलं बाहेरून लिथोट्रिप्सीचे (खडा फोडणाऱ्या लहरींचे) झटके दिले की झालं, ना चिरफाड ना दुर्बीण. पण डॉक्टरांनी सीटी स्कॅनवरून खड्याची घनता काढली, ११५० एचयू (हाउन्सफील्ड युनिट, सीटीवर घनता मोजायचं एकक), कातडीपासून खड्यापर्यंतचं अंतर मोजलं ११ सेमी, आणि म्हणाले हे फुटायचे चान्सेस कमी, दुर्बिणीचं बघा. मला तरी पटलं, सरसकट सगळ्यांना झटके देण्यापेक्षा आधी हिशोब केलेला बरा.

सातपूरकर: मला नाही पटत. टक्केवारी शेकडो पेशंटची, आणि मामा एकच. त्यात ते स्कोअर (अशा आकड्यांवरून काढलेला खडा फुटायचा अंदाज) कुठल्या मशीनवर, कुणाच्या हाताने काढले ते वेगळंच, आणि दुर्बिणीचं बिल मोठं हेही विसरू नका.

ओझरचा द्राक्षवाला: अहो पण १००० एचयूच्या वर खडा कडक असतो आणि अंतर १० सेमीच्या पुढे गेलं की झटक्याचा जोर तिथवर पोचताना कमी होतो, हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय. फुटला तरी खालच्या कप्प्यातला चुरा वर चढून बाहेर पडायला हवा ना, तो तिथेच बसतो. मग झटक्यांचं बिल वेगळं आणि दुर्बिणीचं वेगळं, ते चालतं का?

सातपूरकर: बरं, मग एक सांगा, "यशस्वी" कशाला म्हणतात? बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांनी ४ मिमीपेक्षा छोटे तुकडे राहिले तरी पास करतात. पेशंटला वाटतं खडा गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत कळ! आणि मिनिटाला १२० ऐवजी ६० झटके दिले तर चांगलं फुटतं, हे त्या स्कोअरमध्ये धरलंय का?

गोदाकाठची: हा मुद्दा बरोबर आहे, विचारते. पण म्हणून स्कोअर फेकून द्यायचा असं नाही ना.

पंचवटी_काका: हुलग्याचं कढण द्या महिनाभर, आमच्या शेजाऱ्यांचा आपोआप पडला.

ओझरचा द्राक्षवाला: काका, ५ मिमीच्या आतले बरेचसे तसेही पडतात, कढण प्या नाहीतर नुसतं पाणी. इथे १३ आहे.

सातपूरकर: बघा, काकांना आकडा सांगितला की लगेच पटतं तुम्हाला 😄 ताई, डॉक्टरांना एवढंच विचारा, त्यांच्या स्वतःच्या मशीनवर असे कडक खडे किती आले आणि त्यातले किती पूर्ण साफ झाले. ते सांगितलं तर मी गप्प.