हवामान संशोधनात संख्याशास्त्रज्ञ सुरुवातीलाच हवा की शेवटी?

कोपरीकर (ठाणे)
माझं मत स्पष्ट आहे. हवामानाचं संगणकी मॉडेल चालवून झालं, निष्कर्षही निघाले आणि मग संख्याशास्त्रज्ञाला 'जरा आकडे तपासून द्या' म्हणायचं, ही पद्धत बंद व्हायला हवी. प्रश्न ठरतानाच तो सोबत बसला पाहिजे. मी संख्याशास्त्र शिकवतो, तेव्हा माझा कल उघड आहे. पण आपल्याच देशाचा इतिहास बघा. १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मुळात गणितज्ञ. मान्सूनच्या अंदाजासाठी त्यांनी जगभरच्या नोंदींचे सहसंबंध काढले आणि त्यातून सदर्न ऑसिलेशन, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा उलटसुलट झोका, हाती लागलं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनीही आधी कोलकात्यातल्या अलीपूरच्या वेधशाळेत काम केलं, त्यांची भारतीय सांख्यिकी संस्था त्यानंतरची, १९३१ ची.

आज ठाणे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट येतो. माळशेजपासून भाईंदरपर्यंत एकच रंग! घोडबंदर रोडवरच्या शाळेनं काय ठरवायचं? शक्यता टक्क्यांत सांगा. आणि '७० टक्के' म्हटलेल्या दिवसांपैकी खरोखर ७० टक्के दिवशी पाऊस झाला का, याचा हिशेब ठेवा. तो हिशेब आमचा विषय आहे.

पारसिक_डोंगर (बेलापूर)
वॉकरांची गोष्ट अर्धीच सांगितलीत. मान्सूनसाठी शोधलेले सहसंबंध काही दशकांत ढिले पडतात. १९८८ पासून हवामान खातं १६ घटकांच्या समीकरणावर मोसमी अंदाज देत होतं. २००२ मध्ये अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता, पडला सरासरीच्या ८१ टक्के. जुलैत तर जेमतेम निम्मा. समीकरण बदलावं लागलं. दोन आकडे बरोबर का चालतात, याचं कारण वातावरणातच शोधावं लागतं.

दुसरं म्हणजे तपासणी. समजा मॉडेलनं बेलापूरला २०० मिमी सांगितला आणि तो बदलापूरला पडला. अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस ताडून पाहणाऱ्या तुमच्या तक्त्यात ही दुहेरी चूक: इथे सांगून पडला नाही, तिथे न सांगता पडला. पण ढगांची घडण मॉडेलनं बरोबर ओळखली होती, फक्त जागा हुकली. पाऊस न सांगणारं मॉडेल या हिशेबात वरचढ ठरतं! म्हणूनच बिंदूऐवजी आसपासचा परिसर धरून गुण देण्याची पद्धत हवामानवाल्यांनीच काढली.

कोपरीकर
परिसराचा मुद्दा मान्य. २००२ चा अजिबात नाही. मोजक्या वर्षांच्या नोंदींवर १६ घटक बसवले, तर समीकरण जुनी वर्षं पाठ करतं आणि नव्या वर्षी तोंडावर पडतं. ही धोक्याची घंटा आमच्याच विषयातली आहे. ते अपयश संख्याशास्त्राच्या खात्यावर टाकू नका.

खाडीकाठ (वाशी)
मी पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं काम करतो. नवी मुंबईत धारण तलाव आहेत. भरतीला खाडीकडची झडप बंद होते आणि ओहोटीपर्यंत शहराचं सगळं पाणी तलावात साठतं. मला दिवसभराचा पाऊस कळून उपयोग नाही. झडप बंद असलेल्या त्या तीन-चार तासांत किती पडेल आणि तलाव ओसंडण्याची शक्यता किती, ते हवंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला ७३. यातला कुठला आकडा धरून मी तलाव बांधू? असा पाऊस किती वर्षांतून एकदा, हे संख्याशास्त्र सांगेल. तो सांताक्रूझऐवजी वाशीवर का पडू शकतो, हे हवामानशास्त्र. मला दोन्ही उत्तरं एकाच कागदावर पाहिजेत.

पारसिक_डोंगर
तीन-चार तासांसाठी एकच मॉडेल सुरुवातीच्या हवामान-स्थितीत थोडा बदल करून अनेकदा चालवावं लागेल. अशा संचातली उत्तरं बहुधा एकमेकांच्या फार जवळ येतात, म्हणजे मॉडेल हवं त्यापेक्षा जास्त खात्रीनं बोलतं. ती दुरुस्ती कोपरीकरांनी करावी, तिथे माझी हरकत नाही. पण डोंगराला अडून उठणारे ढग त्या दुरुस्तीत आपोआप येत नाहीत, म्हणून पहिला शब्द भौतिकशास्त्राचाच राहील.

कोपरीकर
पहिला शब्द तुमचा घ्या, पण पर्जन्यमापक कुठे बसवायचे हे ठरवताना मला बोलवा. डोंगराच्या दोन्ही बाजूंना मापकच नसतील, तर नंतर मी दुरुस्ती कशाच्या आधारावर करू?