टेन हाग गेला. आता रूड नको, साउथगेट तर मुळीच नको

लाल दादर
२८ ऑक्टोबर २०२४ ला मँचेस्टर युनायटेडने कोच टेन हागला नारळ दिल्याची बातमी आली आणि तासाभरात इथे फोरमवर एका भिडूने लिहिलं, "हंगामी कोच रूड व्हॅन निस्टलरॉयलाच कायम करा, आपल्याकडून खेळलेला, आपला माणूस आहे. नाहीतर साउथगेट आणा, अनुभवी आहे." ते वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नऊ मॅचमध्ये ११ पॉइंट, फक्त आठ गोल, १४ वा नंबर. घरच्या मैदानावर लिव्हरपूल तीन मारून गेले, स्पर्स तीन मारून गेले. रविवारी वेस्ट हॅमशी डॅलोने रिकाम्या गोलच्या वरून मारला. गोलकीपरला चकवून झालं होतं, समोर कुणी नव्हतं. या टीमला आधी खेळायची पद्धत शिकवणारा माणूस हवा, ओळखीचा चेहरा नको. ओळखीचा चेहरा डिसेंबर २०१८ मध्ये आणून झाला. आपलाच जुना खेळाडू सोल्शार हंगामी कोच म्हणून आला, पॅरिसमध्ये जिंकला, सगळे भारावले, मार्चमध्ये कायम केला. एक तरी कप आला का?

साउथगेटने इंग्लंडला दोन युरो फायनलपर्यंत नेलं, दोन्ही हरला. क्लब एकच सांभाळला, मिडल्सब्रो, आणि २००९ ला तो खालच्या डिव्हिजनला गेला.

मला रुबेन आमोरिम हवा. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला १९ वर्षं लीग मिळाली नव्हती, याने २०२०-२१ ला मिळवून दिली, २०२३-२४ ला परत. लेफ्ट-बॅक नूनो मेंडेसला सतराव्या वर्षी टीममध्ये घेणारा हाच. वय ३९. अजून काय पाहिजे?

राईट बॅक, माहीम
तो तीन-चार-तीन खेळवतो, म्हणजे मागे तीन, मधे चार, पुढे तीन, ते का गाळलंस? त्यात कडेची अख्खी लाइन एकट्याने सांभाळणारे विंग-बॅक लागतात, ते कुठे आहेत आपल्याकडे? डावीकडचे शॉ आणि मलासिया दोघेही जखमी, तिथे उजवीकडच्या डॅलोला उभं करतात.

मी कॉलेजकडून राईट-बॅक खेळायचे. मधेच कोच बदलले. नव्या सरांनी मागे तिघी लावल्या आणि मला सांगितलं, "ही अख्खी लाइन तुझी." पावसाळ्यातलं मैदान, घोट्यापर्यंत चिखल. वर जायचं, क्रॉस टाकायचा, बॉल गेला की तसंच मागे पळायचं, तोवर समोरची विंगर माझ्या मागच्या मोकळ्या जागेत पोचलेली असायची. हाफटाइमला बूट काढले तर मोजे चिखलाने जड झालेले. गोल खाल्ले की ओरडा मला, सरांना नाही. सर चांगले होते, पद्धतही चांगली होती, आमच्यात ती खेळणाऱ्या मुली नव्हत्या. आमोरिम आला की डॅलोचं तेच होणार आणि तुम्ही सगळे डॅलोला शिव्या घालणार.

वसई लोकल
तुमचं कोच-कोच चालू दे. एकामागोमाग किती कोच झाले बघा: मोयेस, व्हॅन खाल, मोरिन्यो, सोल्शार, रांगनिक, टेन हाग. मोयेसला तर सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत घालवला. मालक ग्लेझरांनी २००५ ला कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच बोकांडी बसवलं. त्यावर कुणी का बोलत नाही?

आता नवा भागीदार रॅटक्लिफ आला. मेमध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप मिळाला, म्हणून जुलैमध्ये टेन हागचा करार २०२६ पर्यंत वाढवला. त्याच्या जुन्या क्लबच्या, आयॅक्सच्या ओळखीचे डी लिख्ट आणि मझरावी घेऊन दिले, सगळे मिळून जवळपास २० कोटी पाउंड घातले आणि ऑक्टोबरमध्ये त्यालाच काढला. काढायचा तर जूनमध्ये काढायचा होता. आता नव्या माणसाने दुसऱ्याच्या पसंतीच्या पोरांबरोबर संसार करायचा. असली माणसं निवड करणार असतील तर आमोरिम काय, कुणीही आणा.

निळा अंधेरी
क्लब नीट चालवला की कोच गेल्याने आभाळ कोसळत नाही, हे बघायला मँचेस्टर कशाला? आपली मुंबई सिटी बघा. लोबेराने २०२०-२१ ला आयएसएल या देशातल्या मुख्य लीगमध्ये शील्ड (लीगमधला पहिला नंबर) आणि कप (नंतरची फायनल) दोन्ही घेतले आणि गेला. बकिंगहॅमने २०२२-२३ ला शील्ड घेतली, पुढच्या सीझनच्या मधेच ऑक्सफर्डला गेला. क्रॅट्की आला आणि या मेमध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून कप आणला. तीन कोच, तिघांच्या हातात ट्रॉफी.

लाल दादर
मुंबई सिटी कुणाची आहे ते लिहायचं राहिलं. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालकांनी घेतला. आकाशी जर्सीसकट. मी युनायटेडवाला आहे, अबुधाबीच्या पैशाला टाळ्या वाजवायला अंधेरीला येणार नाही. आणि त्या क्लबचं उदाहरण मला देऊ नकोस.

निळा अंधेरी
म्हणजे ग्लेझरांच्या कर्जावर चालणारा क्लब तुला चालतो, पण मुंबई सिटीच्या छांगटेचा गोल बघायला आझादनगर मेट्रोला उतरणं चालत नाही. सहा-सात हजारांचं स्टेडियम आहे रे, तेही भरत नाही. रात्री दीडच्या मॅचला घरचे झोपलेत म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून बसणारे शेकड्यांनी सापडतील, संध्याकाळी साडेसातला वीरा देसाई रोडला यायला कुणी नाही. याचा मला मनापासून राग येतो. तुमच्यासारख्यांमुळेच या शहरात फुटबॉल वाढत नाही.

लाल दादर
"तुमच्यासारखे" म्हणायचं काम नाही. मी लहानपणापासून ज्या क्लबसाठी जागलो तो सोडून जर्सी बदलू का? माझ्या निष्ठेची परीक्षा तू घेऊ नकोस.

कूपरेजकर
तुम्ही दोघं भांडताय, पण मुंबईचं फुटबॉल २०१४ ला आयएसएलबरोबर सुरू झालं असं समजून भांडताय. रोव्हर्स कप १८९१ चा. कूपरेजवर फायनलला जागा मिळायची नाही. पुढे कप बंद पडला, कुणाला हळहळही वाटली नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली, काही वर्षांत ती टीमही बंद. मी त्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडलोय. त्यांनी गाशा गुंडाळला तेव्हा जे तुटलं ते परत जुळलं नाही. त्यामुळे या पोराने इंग्लंडच्या क्लबवर जीव लावला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. तो क्लब निदान उद्या असणार आहे.

आणि कोच बदलण्याचंच बोलायचं तर मुंबई एफसी आठवते का? कोच खालिद जमीलने तुटपुंज्या पैशात ती टीम वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये, तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, टिकवली. बचावात्मक खेळवतो म्हणून आपल्याच लोकांनी त्याला नावं ठेवली. २०१६ नंतर तो नव्हता. २०१६-१७ ला त्याने आयझॉलला, आधीच्या वर्षी खाली गेलेल्या आणि नंतर परत घेतलेल्या क्लबला, चॅम्पियन केलं. त्याच सीझनला मुंबई एफसीने मधेच कोच बदलला आणि तळाला गेली. मग क्लबच संपला. म्हणून सांगतो, जो घालवता त्याच्यापेक्षा चांगला हाताशी आहे का, ते आधी बघा.

वसई लोकल
काका, हे शंभर टक्के. खालिदसारख्याला आयएसएलमध्ये कायमचा हेड कोच व्हायला २०२१ उजाडलं, आणि तोही पहिलाच भारतीय.

राईट बॅक, माहीम
निळा अंधेरी, "वाढत नाही" याचं खापर प्रेक्षकांवर का? मुलींना सरावाला मैदान मिळत नाही, टर्फला तासाचे पैसे मोजावे लागतात. यावर लिही कधीतरी.

निळा अंधेरी
ताई, बरोबर आहे. तरी माझं म्हणणं राहतंच. स्टेडियम रिकामं दिसलं तर मैदानं कोण देणार?

लाल दादर
काकांमुळे थांबतो, नाहीतर अजून लिहिणार होतो. मुंबई सिटीने कोच बदलूनही पद्धत सोडली नाही, एवढं मान्य. त्यापुढे एक शब्द नाही. पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. पद्धत असलेला माणूस आणा. आणि काका, हाताशी चांगला आहे की नाही विचारता, आमोरिम स्पोर्टिंगला एक कोटी युरो भरले की करारातून सुटतो. स्पोर्टिंग यंदा लीगमधली प्रत्येक मॅच जिंकलीय. दुसरा चांगला कोच टुखेल, तो इंग्लंडने नेला. अजून वाट बघितली तर हाही जाईल.

राईट बॅक, माहीम
मग मेपर्यंत रूडकडे राहू दे, जानेवारीत लेफ्ट विंग-बॅक घ्या आणि जूनमध्ये आमोरिम आणा. पूर्ण प्री-सीझन मिळेल. सीझनच्या मधे तीन-चार-तीन शिकवणं म्हणजे खेळाडूंचा बळी.

लाल दादर
मेपर्यंत रूड म्हणजे हे वर्ष सोडून देणं. १४ व्या नंबरवर बसून सोडता येत नाही. आमोरिम आत्ता हवा. डॅलोला शिव्या पडल्या तर त्याच्या बाजूने मी लिहीन.

राईट बॅक, माहीम
लिहिशील. हे वाक्य मी जपून ठेवलंय.