३० ची मर्यादा, ११ चिन्हं, तरी «हापूस»चा स गायब

प्रश्न – पेटी_लेबल (देवगड)

आंब्याच्या पेट्यांवरच्या लेबलांसाठी नाव साठवायच्या रकान्याची मर्यादा ३० आहे. «देवगड हापूस» लिहिलं की प्रिव्ह्यूमध्ये «देवगड हापू» आणि पुढे पत्त्यातल्या चौकटसारख्या काळ्या आकारात प्रश्नचिन्ह. «सिंधुदुर्ग» मात्र अख्खं येतं. मोजली तर जागा धरून ११ चिन्हंच होतात. दुसरं, याच नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) एक्सेलमध्ये उघडली की नुसता रोमन कचरा. तिसरं, वेबपानावर क साठी अँपरसँड-हॅश-९१५-अर्धविराम दिलं तर भलतंच अक्षर उमटतं. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या) तक्त्यात तर क पुढे ०९१५ च छापलंय.

उत्तर – बंदरावरचा_बाइट

मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची आहे (बाइट म्हणजे आठ बिट, बिट म्हणजे ० किंवा १). यूटीएफ-८ (युनिकोडचे क्रमांक बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हेही प्रत्येकी ३. रोमन जागेचा १. म्हणजे १० × ३ + १ = ३१. एका बाइटने गेलात! «सिंधुदुर्ग» दिसायला चार अक्षरं, पण स, ि, ं, ध, ु, द, ु, र, ्, ग मिळून १० चिन्हं, बरोबर ३० बाइट. म्हणून ते वाचलं.

एकदा हाताने करून बघा. स चा कोड षोडशमानात (१६ च्या पायावर, ९ नंतरचे अंक रोमन ए ते एफ) ०९३८. प्रत्येक अंकाचे चार बिट:

०००० १००१ ००११ १०००

हे १६ बिट डावीकडून ४-६-६ असे तोडा: ०००० / १००१०० / १११०००. पहिल्या गटापुढे १११०, उरलेल्या दोघांपुढे १० लावा:

१११००००० १०१००१०० १०१११०००

म्हणजे ई० ए४ बी८. तुमच्या रकान्यात ई० ए४ एवढंच मावलं, बी८ बाहेर पडला. अर्धवट तुकड्याचं अक्षर होत नाही, म्हणून ते प्रश्नचिन्ह.

रकाना वाढवता येत असेल तर वाढवा. कापावंच लागलं तर कापायच्या जागेनंतरचा पहिला बाइट तपासा. तो ८० ते बीएफ मध्ये असेल तर तुम्ही अक्षराच्या पोटात आहात. तसा नसलेला बाइट मिळेपर्यंत मागे या आणि त्याच्या आधी कापा. एवढंही पुरत नाही. २५ बाइटवर कापलंत तर कोड शुद्ध राहतो, पण उरतं «देवगड हाप». उकार गेला! म्हणून पुढचं चिन्ह काना-मात्रा किंवा हलन्त असेल तर आणखी मागे या.

एक्सेलचं कारणही याच बाइटांत आहे. बीओएम (फाइलच्या सुरुवातीची यूटीएफ-८ ची खूण) नसलेली फाइल ते बहुधा १२५२ कोडपेजने, म्हणजे दर बाइटला एक चिन्ह देणाऱ्या जुन्या रोमन तक्त्याने वाचतं. त्यात ई० म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, ए४ म्हणजे चार टोकांचं चलनचिन्ह, आणि ए५ म्हणजे येन. ऱ्हस्व वेलांटी ०९३एफ, दीर्घ ०९४० (एफ नंतर हातचा येतो): तिथपर्यंत मधला बाइट ए४, तिथून पुढे ए५. म्हणून «देवगड हापूस»च्या कचऱ्यात येन नेमकं दोनदा दिसेल, एकदा दे च्या मात्रेचं, एकदा पू च्या उकाराचं. दिसलं तर फाइल शाबूत आहे, वाचणारा चुकलाय. डेटा टॅबमधून «फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही» घ्या, फाइल ओरिजिनला ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा. तो कचरा सेव्ह मात्र करू नका. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, आणि १२५२ मध्ये त्या जागी अक्षरच नेमलेलं नाही. उलट फिरवताना जोडाक्षरं तुटतात.

उत्तर – सोळा_आणे

तिसऱ्याचं थोडक्यात. हॅशनंतरचा आकडा दशमान धरला जातो आणि दशमान ९१५ वर ग्रीक गॅमा बसलाय. हॅशनंतर रोमन एक्स घाला, नाहीतर दशमान आकडा द्या: ९ × २५६ + १ × १६ + ५ = २३२५. उलट ताळा: २३२५ ला १६ ने भागून बाकी ५, भागाकार १४५, पुन्हा भागून बाकी १, भागाकार ९. बाक्या खालून वर वाचायच्या: ९१५. वरून खाली वाचलं की ५१९, ही चूक फार होते.

उत्तर – मिऱ्या_बंदर

सगळां बरोबर, पण एक ऱ्हवलां. गावांची नावं शोधणार असाल तर «मिऱ्या» तीन तऱ्हांनी टंकलेलं सापडेल: ऱ (०९३१) घेऊन १८ बाइट, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब, ०९३सी) घेऊन २१, र, हलन्त आणि अदृश्य जोडक (२००डी) घेऊन तेही २१. दिसायला बहुधा तिन्ही सारखी, तुलनेत तिन्ही वेगळी. एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एकसारखी करायची युनिकोडची रीत) केलं की दुसरं पहिल्यासारखं होतं. तिसरं होत नाही, त्यासाठी र-हलन्त-जोडक या तिघांच्या जागी ०९३१ आणि हलन्त असा बदल स्वतः करावा लागतो. नुसता जोडक पुसू नका. रफार येईल आणि «दऱ्या»चा «दर्या» होईल.

पेटी_लेबल

रकाना ९० केला, स आला. येन दोनच, मोजले.