एकाच डिस्ट्रिक्टमधल्या तीन शाळा: 9 आणि 10 मध्ये खरंच फरक असतो का?

पत्रावळ (धागाकर्ता)

कॅलिफोर्नियातल्या सॅराटोगा युनियन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) प्राथमिक शाळा तीनच: आर्गोनॉट, फूटहिल आणि सॅराटोगा एलिमेंटरी. पाचवी झाली की तिन्हीकडची मुलं रेडवुड मिडलमध्ये. तरी घर शोधणारी आपली मंडळी ग्रेटस्कूल्स या वेबसाइटने शाळेला दिलेला 10 पैकी आकडा बघून 'अमक्याच शाळेच्या हद्दीत घर हवं' म्हणून अडून बसतात. एजंट काय, खतपाणी घालायला तयारच असतात.

माझं म्हणणं: एवढ्या लहान डिस्ट्रिक्टमध्ये गुणांवरून शाळाशाळांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. राज्याची परीक्षा तिसरीपासून सुरू होते, त्यामुळे केजी ते पाचवीच्या शाळेत तीनच इयत्ता मोजल्या जातात. केजी, पहिली, दुसरीत कसं शिकवतात याचा त्या आकड्यात पत्ताच नाही. आता हिशोब बघा. समजा इयत्तेत 60 मुलं आहेत. एक मूल म्हणजे 1.7 टक्के. तीन पोरांचा पेपर सर्दीतापात गेला की इयत्ता 5 टक्क्यांनी खाली. तीन इयत्ता मिळून 180 मुलं धरली आणि 85 टक्के मुलं अपेक्षित पातळीवर असली, तरी निव्वळ योगायोगाने तो आकडा 5 टक्के वर-खाली होऊ शकतो. दोन शाळांची तुलना करताना हीच शक्यता साडेसात टक्क्यांवर जाते. मग 84 वाली 'साधी' आणि 89 वाली 'उत्तम' हे कशाच्या जोरावर?

असहमत असाल तर मुद्दे मांडा, 'आमच्या ओळखीत एक जण' नको.

सुतारपक्षी

असहमत. एका वर्षाच्या आकड्याबद्दल तुमचं गणित बरोबर, पण एका वर्षावर विसंबायला सांगितलंय कोणी?

'किती टक्के मुलं पातळीवर' हे माप मुळात बोथट आहे. तिसरीच्या गणितात 'अपेक्षित पातळी'ची रेषा 2436 गुणांवर आहे. 2437 वालं मूल आणि 2600 वालं मूल, दोघंही 'पातळीवर' म्हणून सारखंच मोजलं जातं. राज्याच्या डॅशबोर्डवर (शाळांची कामगिरी दाखवणारी सरकारी साइट) त्याऐवजी रेषेपासूनचं सरासरी अंतर दिलेलं असतं. त्यात प्रत्येक मुलाचा गुण मोजला जातो. ते अंतर घ्या, भाषा आणि गणित वेगवेगळं, आणि 2022 पासूनची वर्षं ओळीने लावा. (2020 ला परीक्षाच झाली नाही आणि 2021 ला सगळीकडे झाली नाही, म्हणून ती दोन सोडा.) एखादी शाळा दोन्ही विषयांत सलग चार वर्षं 15-20 गुणांनी पुढे दिसली तर त्याला योगायोग म्हणता येणार नाही.

दुसरं, एकाच तुकडीचा माग काढा. 2022 ची तिसरी, 2023 ची चौथी, 2024 ची पाचवी. गणिताची रेषा 2436 वरून 2485 आणि मग 2528 वर जाते. तुकडीचं रेषेपासूनचं अंतर तेवढंच राहिलं, वाढलं की घसरलं, हे त्यात दिसतं. तिसरीत 70 ने पुढे आणि पाचवीत 40 ने, असं दोन-तीन तुकड्यांत दिसलं तर मुख्याध्यापकांना विचारण्यासारखा प्रश्न तुमच्या हातात आला.

बोरकूट

सुतारपक्षी, पद्धत चोख आहे, निष्कर्ष नाही. चार वर्षं टिकलेला फरक खरा असेलही, पण तो शाळेचाच कशावरून? या भागात कुमॉन आणि रशियन मॅथच्या खाजगी शिकवण्यांना जाणारी पोरं ढिगाने. शिकवणीवाला शिकवतो, गुण शाळेच्या खात्यात जमा होतात. शेजारच्या दोन हद्दींत पालकांची मिळकत, शिक्षण आणि क्लासची फी भरायची ऐपत वेगळी असेल तर गुणांतला फरकही वर्षानुवर्षं टिकणारच.

प्रगती मोजायची म्हटलं तर एकाच मुलाच्या दोन परीक्षा लागतात. तिसरीची पायाभूत धरली की उरतात चौथी आणि पाचवी. तुमच्या तुकडीच्या मागातही मुलं दरवर्षी बदलतात. कंपनीने बदली केली, भाडं परवडलं नाही, दुसऱ्या शाळेत नंबर लागला. 60 पैकी 8 गेली आणि 8 नवी आली की ती तीच तुकडी राहिली नाही.

हद्दवाला

चालू द्या तुमचं. पण त्याआधी एक बघा, नाहीतर ही सगळी आकडेमोड पाण्यात.

पत्त्यात 'सॅराटोगा' आहे म्हणून मूल सॅराटोगा युनियनमध्येच जाईल असं नाही! शहराची हद्द आणि डिस्ट्रिक्टची हद्द वेगळी. ब्लू हिल्स एलिमेंटरी आहे सॅराटोगात, पण ती क्युपर्टिनो युनियनची. मार्शल लेन सॅराटोगातच, पण कॅम्बेल युनियनची. प्रॉस्पेक्ट हायस्कूलचा पत्ताही सॅराटोगाचा, ते कॅम्बेलच्या हायस्कूल डिस्ट्रिक्टकडे. हायस्कूलचे डिस्ट्रिक्ट वेगळे असल्यामुळे प्राथमिक बदललं की पुढचं हायस्कूलही बदलू शकतं. घरांच्या साइटवर दाखवलेली शाळा गृहीत धरू नका. घर क्रमांकासकट पत्ता डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाका, मग ऑफिसला फोन करून खात्री करा. फोनवर दोन प्रश्न विचारा: हा पत्ता कुठल्या शाळेत येतो, आणि माझ्या मुलाच्या इयत्तेत जागा आहे का? इयत्ता भरलेली असेल तर हद्दीत राहूनही मूल बाजूच्या शाळेत पाठवलं जाऊ शकतं. अमुक हद्दीसाठी जास्त पैसे मोजून मग हे कळलं तर कपाळावर हात मारायची वेळ येते.

पत्रावळ

हद्दवाला, +1. हे धाग्यातच लिहायला हवं होतं.

ताकपिठलं

माझं मत मधलं. शाळाशाळांत फरक असतो, पण गुण सोडून इतर गोष्टींत. प्रत्येक शाळेचा वार्षिक अहवाल, म्हणजे सार्क, 1 फेब्रुवारीपर्यंत साइटवर चढतो. त्यात इयत्तावार वर्गसंख्या, किती शिक्षक पूर्ण पात्रतेचे, इमारतीची तपासणी, सगळं असतं. तो कोणी उघडत नाही.

वर्गसंख्येचं सांगते. तिसरीपर्यंत शाळेची सरासरी 24 ठेवायची किंवा शिक्षक संघटनेशी वेगळा आकडा ठरवायचा, असा राज्याच्या निधीचा नियम आहे. सरासरी! प्रत्येक वर्ग नव्हे. आता एका शाळेत पहिलीला 54 मुलं आली. दोन वर्ग केले तर 27-27, तीन केले तर 18-18. तिसरा शिक्षक द्यायचा नसेल तर पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग काढतात. बाजूच्या शाळेत 70 आली तर तीन वर्ग सुटसुटीत बसतात. तेव्हा विचारायचं ते हे: गेल्या तीन वर्षांत एकत्र वर्ग किती वेळा काढले, आणि चौथीत वर्ग किती मुलांचा होतो? तिथे 24 चं बंधन नाही, वर्ग फुगतो तो तिथेच.

डॅशबोर्डवर शाळेची कामगिरी रंगाने दाखवतात, त्यात गैरहजेरीचाही रंग असतो. 10 टक्के दिवस बुडाले की मूल त्या यादीत. 180 दिवसांच्या वर्षात 18. आपल्याकडची चार आठवड्यांची भारतवारी घ्या: दोन आठवडे नाताळच्या सुट्टीचे, उरलेले 10 दिवस बुडतात. वर सर्दी-खोकल्याचे 8 झाले की झालंच. चांगल्या शाळेचा रंग एवढ्यावर नारिंगी, म्हणजे वाईटाकडचा, होऊ शकतो, म्हणून तो बघून दचकू नका. जाण्याआधी शाळेशी स्वतंत्र अभ्यासाचा करार करून सह्या करा आणि दिलेला अभ्यास पूर्ण करून परत द्या, म्हणजे ते दिवस हजेरीत धरले जातात. वही विमानतळावर हरवली तर धरले जात नाहीत.

सुतारपक्षी

बोरकूट, शिकवणीचा मुद्दा मान्य. पण मग भाषेचे गुण बघा. शिकवण्या बहुतेक गणिताच्या. गणितात दोन शाळा सारख्या आणि भाषेत एक सातत्याने मागे असेल तर ते वर्गातलं वाचन-लेखन कमी पडत असण्याचं लक्षण आहे.

पैशाचं कोणी बोललंच नाही. सॅराटोगा युनियन मालमत्ता करावर चालणारा डिस्ट्रिक्ट आहे, राज्याचं अनुदान पटावर मोजून घेणारा नाही. देणग्या गोळा करणाऱ्या फाउंडेशनचा निधी डिस्ट्रिक्टभर खर्च होतो, पण पीटीएचा (पालक-शिक्षक संघाचा) पैसा ज्या-त्या शाळेचा. एकीकडे चित्रकलेला शिक्षक येतो, दुसरीकडे पालक आळीपाळीने शिकवतात. पीटीएचं अंदाजपत्रक मागून घ्या, देतात.

बोरकूट

भाषेतही घरी कुठली भाषा बोलतात ते येतंच. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा गट 10 किंवा त्याहून लहान असेल तर राज्य त्यांचे गुण दाखवतच नाही, तिथे नुसता तारा. म्हणजे जे तपासायचं तेच झाकलेलं.

ताकपिठलं

शिवाय हद्दी कायमच्या नसतात. शेजारच्या क्युपर्टिनो युनियनने पट घसरला म्हणून रेग्नार्ट आणि मायरहोल्झ या शाळा 2022 मध्ये बंद केल्या. तीस वर्षांचं कर्ज काढताना हे डोक्यात असू द्या. डिस्ट्रिक्टमधल्या दुसऱ्या शाळेसाठी अर्जही करता येतो. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकतात. हद्दीतल्या मुलाला त्यासाठी हलवता येत नाही, आणि ने-आण तुमची तुम्हाला.

पत्रावळ

म्हणजे गुण सोडून सगळं बघायचं. माझं म्हणणं तेच होतं.

सुतारपक्षी

नाही हो, गुण नीट वाचून मग बाकीचं. रेडवुडमध्ये सगळे एकत्र येतात हा तुमचा हुकमी पत्ता, पण त्याआधी केजी धरून सहा वर्षं जातात. सहावीत गणिताचे स्तर असतील तर मूल कुठल्या स्तरात बसेल ते या सहा वर्षांतच ठरतं.

पत्रावळ

मग ते रेडवुडला विचारा: स्तर आहेत का, कशावरून ठरतात, नंतर बदलता येतात का. ग्रेटस्कूल्सच्या 9 आणि 10 मध्ये त्याचं उत्तर नाही.

सुतारपक्षी

तुकडीचा माग काढला तर आहे. तिन्ही शाळांचं अंतर काढून उद्या इथेच टाकतो, मग भांडू.