मदत हवी आहे: बिघडलेली पेशी बाहेरून ओळखू कशी येते?

नमस्कार. हडपसरला नववीला विज्ञान शिकवते. शुक्रवारी २० मिनिटांत, प्रोजेक्टरशिवाय, सदोष पेशी काढून टाकून शरीर कर्करोग कसा टाळतं हे सांगायचंय.

पहिला भाग जमलाय. डीएनए बिघडला की पी५३ हे प्रथिन विभाजन थांबवतं, दुरुस्ती होईना तर पेशीला मरायला लावतं. तिचे तुकडे भक्षक पेशी गिळतात, आसपास सूजही येत नाही. उन्हाने भाजल्यावर कातडी सुटते त्यातही हेच असतं. माणसात पी५३ बनवणाऱ्या जनुकाच्या २ प्रती, हत्तीत सुमारे ४० (बऱ्याच अर्धवट), हे पोरांना फार आवडलं.

मग मागच्या बाकावरून आलं, "मॅडम, पी५३च बिघडलं तर?" प्रश्न रास्त आहे, जवळपास निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेलंच असतं. मी रोगप्रतिकार यंत्रणेतल्या टी पेशी आणि एनके (नॅचरल किलर) पेशी सांगितल्या, सोसायटीच्या वॉचमनची उपमा दिली. तोच पोरगा, "वॉचमन घरात शिरत नाही, आतलं कसं कळतं त्याला?"

पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशी ते तपासतात, इतपत वाचलंय. घराच्या दारावरच्या पाटीचं उदाहरणही देऊन पाहिलं, पण बिघडलेली पेशी पाटीच काढून टाकते तिथे ते कोलमडतं.

उपवासाने पेशी साफ होतात असले फॉरवर्ड कृपया नकोत. २०१६ चं नोबेल पेशीच्या आतल्या साफसफाईवरच्या कामाला होतं, तो विषय वेगळा.

एनके पेशीला नुसती पाटी नसणं पुरतं, की ताणाखालची पेशी वेगळी खूणही लावते? आणि हे नववीला पटेल असं घरगुती उदाहरण कोणतं?