मदत हवी आहे: सोलापुरात एनडीएम / ऑक्सा-48 (जंतूवर औषधं चालेनाशी करणारे जीन) यांची तपासणी कुठे होते?

सासरे, वय 67, मधुमेह. सोलापुरातच खासगी आयसीयूत आहेत. ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू निघाला. रिपोर्टवर मेरोपेनेम या अँटिबायोटिकपुढे 'आर' (म्हणजे औषध चालत नाही) आणि खाली बघावं तिथे 'आर'च. कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढे तेवढा 'आय' (म्हणजे मधलं, चालेलच असं नाही). पण क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढून 2.4, त्यामुळे ते किडनीला झेपेल का ही धास्ती.

मानेतली सेंट्रल लाइन काढली, पुन्हा ब्लड कल्चर पाठवलंय. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही. बीपी टिकवायचं औषध चालू आहे, त्यामुळे 'पुण्याला हलवा' हा सल्ला कृपया नको.

डॉक्टर म्हणतात, जंतूत एनडीएम असेल तर नुसतं सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम हे अँटिबायोटिक चालत नाही, जोडीला ॲझट्रिओनाम हे दुसरं लागतं. फक्त ऑक्सा-48 असेल तर एकट्यावर भागू शकतं. सध्या दोन्ही चालू आहेत, आणि मेडिकलचं बिल बघून डोळे पांढरे होतात. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ही तपासणी नाही. आसपासच्या लॅबना फोन केले, तर ते 'कल्चर करतो की' एवढंच सांगतात.

सोलापुरात ही जीनची पीसीआर (जीन थेट शोधणारी तपासणी) कुणी करतं का? नसेल तर पुण्याला रक्त पाठवायचं की वाढलेल्या जंतूची प्लेट, आणि रिपोर्ट साधारण किती तासांत येतो?