टेक्सस: लपवून बाळगायला पिस्तूल कोणतं, आणि नंतरच्या कोर्टकचेरीची तयारी काय?

बायूकाठचा
मंडळी, मुक्काम ह्यूस्टन, ग्रीन कार्ड आहे. ग्लॉक ४३एक्स घ्यावं की पाच गोळ्यांचं छोटं .३८ रिव्हॉल्वर? दुकानदार म्हणतो, नवख्याला रिव्हॉल्वर सोपं. २०२१ पासून परवान्याची सक्ती नाही, मग एलटीसी (शस्त्र बाळगण्याचा राज्याचा परवाना) कशाला काढायचं? आणि गोळी झाडावी लागलीच तर पुढे काय?

रेंजमास्तर
दुकानदाराचं मनावर घेऊ नका. हलकं छोटं रिव्हॉल्वर नवख्याला सगळ्यात अवघड. नळी जेमतेम दोन इंची, साइट नावापुरती, ट्रिगर लांब आणि जड. झटका तळहातात असा बसतो की सरावच नकोसा होतो.

४३एक्समध्ये ९ एमएमच्या १०+१ गोळ्या (दहा मॅगझिनमध्ये, एक नळीत), मूठ पूर्ण हातात येते. शर्टातून उमटते ती मूठच, नळी नव्हे. सिग पी३६५ ची मूठ आखूड, त्यामुळे ते छान लपतं, पण हात मोठा असेल तर करंगळीला जागा उरत नाही. दोन्ही रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, भाड्याने चालवून बघा.

होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, काटकसर नको. ४३एक्सला बोटाने लावायची सेफ्टी नाही, म्हणून ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं कडक कायडेक्सचंच (टणक प्लास्टिकचं) घ्या. बरेच अपघात पिस्तूल परत आत घालताना होतात: शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरमध्ये अडकते. शर्ट वर धरा, आत बघा, सावकाश घाला.

बाळगायला हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलणारी गोळी. साधी गोळी आरपार जाऊन मागच्याला लागू शकते. त्याच ब्रँडच्या निदान ५० गोळ्या न अडकता चालायला हव्यात. अडकल्या तर आधी मॅगझिन बदला, मग मनगट ढिलं पडतंय का ते बघा.

कलमवाला
एलटीसी काढाच. शाळेच्या १,००० फुटांच्या आत शस्त्र नेण्यावर केंद्राचा निर्बंध आहे. राज्याचा परवाना असलेल्याला सूट मिळते. ह्यूस्टनमध्ये शाळा टाळून गाडी चालवून दाखवा! फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, शिवाय ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या. २५० पैकी १७५ गुण हवेत. दारावर ३०.०६ ची पाटी (लपवलेलं शस्त्र आत आणायला मनाई) दिसली तर परवाना असूनही आत न्यायचं नाही.

तुम्हाला तिथे असण्याचा हक्क असेल, कुरापत तुम्ही काढली नसेल आणि तुम्ही कुठला गुन्हा करत नसाल, तर टेक्ससमध्ये आधी माघार घ्यायचं बंधन नाही. तरी प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, जाऊ शकतं.

गोळी झाडल्यावर ९११ ला फोन: हल्ला झाला, पोलीस आणि ॲम्ब्युलन्स पाठवा, जागा अमुक. पोलीस येतील तेव्हा हात रिकामे. साक्षीदार आणि पुरावे दाखवा, मग 'मी गप्प राहण्याचा हक्क वापरतोय, वकील हवा' हे तोंडाने म्हणा. नुसतं गप्प बसू नका. २०१३ च्या सालिनास खटल्यात, जो टेक्ससचाच होता, अटकेआधीचं मौन आरोपीविरुद्ध वापरू दिलं गेलं, कारण त्याने हक्काचा उच्चार केला नव्हता.

फौजदारी वकिलाचा नंबर आजच घेऊन ठेवा. ग्रीन कार्डवाल्याने इमिग्रेशन वकिलाचाही: शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढू शकतात.

एडिसनची आत्या
एच-१बी वर असलेल्यांनी हे वाचून दुकान गाठू नये. केंद्रीय कायद्याने त्यांना बंदूक बाळगायलाच बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद. टेक्ससचा परवाना आमच्या न्यू जर्सीत चालत नाही, न्यूयॉर्कमध्येही नाही.

आणि रेंजची बॅग भारतवारीला नेऊ नका. अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.